खोली रिकामी करताना

१

सिनेमाघराची तिकीट खिडकी कायमची बंद झाली आणि ताईच्या हातांना एकाएकी काही कामच उरलं नाही. इतकी वर्षं काचेच्या अर्धगोल भोकातून तिकिटं सरकवायची आणि मागच्याला “बोला” म्हणायचं, एवढंच त्या हातांना ठाऊक होतं. आता लोक फोनवरच तिकिटं काढत. ताई घरी बसली. म्हणजे बसली कुठे, नुसती फिरत राहिली. एकच फळी सकाळी पुसायची, दुपारी पुन्हा पुसायची. चहा करायचा आणि गार होईपर्यंत विसरायचा.

तिला ताई म्हणायला सुरुवात केली धाकट्या भावाने आणि मग सगळी गल्लीच म्हणायला लागली. हा धाकटा जागांची दलाली करायचा. बोलण्यात पटाईत, एका दमात तीन बेडरूम विकेल असा.

“ताई, तू फोटो साफ करायला शीक,” एक दिवस तो म्हणाला. “लोकांना रिकामी खोली बघायची असते. दुसऱ्याचा सोफा, दुसऱ्याची गादी बघितली की त्यांचं मन उडतं. कॉम्प्युटरवर सामान पुसून टाकायचं, खोली मोकळी करायची. माझ्याकडे असले फोटो ढिगाने पडलेत आणि करणारा माणूस पळून गेलाय.”

“मला माऊस धरता येत नाही रे.”

“तुला गर्दी आवरता येत होती. माऊस काय चीज आहे!”

औषधांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत तो क्लास होता. शिकवणारा गृहस्थ पूर्वी स्टुडिओत फोटो काढायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं. पहिल्या आठवड्यात ताईने बरीच करमणूक केली. माऊस टेबलावरून खाली पडेपर्यंत ती ओढत न्यायची. मग लेयर आले. एका काचेवर दुसरी काच ठेवावी तसे हे थर, असं मास्तरांनी समजावलं. वरच्या काचेवर केलेलं काम खालच्या चित्राला लागत नाही. ताईने ते मन लावून ऐकलं आणि भलत्याच थरावर रंग फासून ठेवला.

“कंट्रोल झेड,” मास्तर म्हणाले. “केलेलं परत फिरतं.”

“एवढं एक बटण घरी न्यायला मिळेल का हो?” ताईने विचारलं आणि सगळा वर्ग हसला.

२

सामान पुसायचं टूल त्यांनी नंतर शिकवलं. नको असलेल्या वस्तूभोवती माऊसने रेघ ओढायची. रेघ पुरी झाली की ती मुंग्यांच्या रांगेसारखी वळवळायला लागते. मग बटण दाबायचं. क्षणभर एक निळी पट्टी पळते आणि वस्तू नाहीशी होते. तिच्या जागी भिंत, फरशी, जे काय हवं ते आलेलं असतं.

“पण मागची भिंत त्याला कशी दिसते?” ताईने विचारलं. “फोटोत तर कपाटच आहे.”

“दिसत नाही. ते अंदाज करतं. आजूबाजूची भिंत उचलायची आणि भोक बुजवायचं. आपलं व्हर्जन जुनं आहे, इंटरनेटला जोडलेलंही नाही. हे बाहेरून काही आणत नाही, ताई. फोटोत जे आहे, त्यातलंच घेतं.”

हे वाक्य तिला फार आवडलं. स्वच्छ हिशेब होता.

सरावासाठी तिने स्वतःच्या घराचे फोटो काढले. नाहीतरी धाकटा ते घर विकायला काढायच्या मागे होताच. बाबांना झटका आल्यापासून जिने चढणं बंद झालं होतं आणि लिफ्टवाली लहान जागा त्याने हेरून ठेवली होती. ताईचं मन होत नव्हतं. बाबांचं काय म्हणणं होतं ते कळायला मार्ग नव्हता. झटक्याने त्यांचे शब्द नेले होते. राहिले होते ते मोजके आणि त्यातला एक सारखा यायचा: “जागा.”

“हो बाबा, जागा विकतोय,” धाकटा मोठ्याने सांगायचा, जणू ते बहिरे झाले होते. “नवी जागा मस्त आहे. भरपूर उजेड!”

बाबा मान हलवायचे. होकार की नकार, ते समजायचं नाही.

ताईने मोबाईल जेवणाच्या टेबलावर, पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवला आणि हॉलचा फोटो काढला. खिडकी, निळे पडदे, कोपऱ्यातलं उंच कपाट, त्याच्या शेजारी तिपाई, मधे खुर्ची, भिंतीला लागून बाबांची कॉट. तिपाई पुसली. इतकी सुरेख गेली की ताई स्वतःशीच “वा!” म्हणाली. मग कपाट. ते मोठं होतं. निळी पट्टी रेंगाळली.

कपाट गेलं. भिंत आली, फरशी आली. आणि दोन्ही जिथे मिळत होत्या तिथे, फरशीवर, कपाटाच्या अगदी कडेला, एक टाच होती.

ताई स्क्रीनजवळ गेली. टाचच होती. पाय पुढे पडताना मागे राहिलेली, किंचित उचललेली. वर घोट्याचा गोल आणि मग लगेच भिंत.

ती हसली. बाबांच्या पायाचा तुकडा उचलून चिकटवला असेल, गाढव कुठलं. मग तिने फोटोत बाबा शोधले. ते कॉटवर पांघरूण घेऊन बसले होते. त्यांचे पाय फोटोत कुठेच नव्हते.

३

दुसऱ्या दिवशी तिने नवा फोटो काढला. मोबाईल तिथेच, टेकू तोच. कपाट पुसलं. या वेळी मागे कोरी भिंत आली. ताईने निःश्वास सोडला आणि सहज म्हणून तिपाई पुसली. तिपाईच्या मागे कापड होतं. खाली सुटलेली कडा, चालताना हलते तशी जरा तिरकी.

पुढच्या फोटोत खुर्चीच्या मागे बाहीतलं कोपर निघालं.

पुरता माणूस एकदाही नाही. जेवढी वस्तू, तेवढाच तुकडा. ती वस्तू ज्याला झाकत होती, तेवढंच. वस्तूच्या बाहेर, जिथे उघडी भिंत होती, तिथे काही म्हणजे काही नव्हतं. हे ध्यानात आलं तेव्हा ताई उठली, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि कशासाठी आलो तेच तिला आठवेना.

तिने लॅपटॉप उचलून क्लास गाठला. मास्तर चहा पीत होते.

“हे कोपर आहे ना?” तिने विचारलं.

मास्तरांनी चष्मा वर केला. “पडद्याची घडी आहे ही. टूल चुकतं कधीकधी. काय उचलेल नेम नाही.”

“पडदे निळे आहेत. हे राखाडी आहे.”

“सावलीत निळं राखाडीच दिसतं. थांबा, दाखवतोच.” त्यांनी त्या बाहीवर टिचकी मारून तिचा रंग उचलला आणि फोटोत तो रंग कुठे कुठे आहे ते शोधायला लावलं. कॉम्प्युटरने कोपराभोवती मुंग्या सोडल्या. दुसरीकडे कुठेही एक मुंगीसुद्धा आली नाही. मास्तरांनी पुन्हा केलं. मग कप खाली ठेवला.

“असेल कुठेतरी,” ते म्हणाले. “इतका बारीक विचार करू नका. कंट्रोल झेड करा आणि ब्रशने हाताने भरून टाका.”

त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला, जरा घाईनेच.

४

ताईचं डोकं तसं ताळ्यावर होतं. अंधाऱ्या सिनेमाघरात तिने आयुष्य काढलं होतं. पडद्यावर लोक किंचाळत असताना ती बाहेर सुपारी कातरत बसलेली असे. तेव्हा तिने रीतसर तपासायचं ठरवलं. क्लासच्या खोलीचा फोटो काढून बाकं पुसली. मागे भिंत. धाकट्याच्या घरचा सोफा पुसला. मागे भिंत. खालच्या औषधवाल्याला काहीबाही सांगून त्याच्या दुकानाचा फोटो काढला आणि पूर्ण काउंटर पुसला. मागे औषधवाल्याचा शर्टच फरशीपर्यंत खाली आला, पाय नाहीतच. म्हणजे टूल धड होतं. लॅपटॉप धड होता.

मग राहिलं काय? आपलं घर. किंवा आपले डोळे.

तिने धाकट्याला बोलावून दाखवलं. तो बघून हसला. “आई असेल. तुझी साफसफाई तपासायला आली असेल.”

“आई होती तेव्हा कपाटाच्या कडीपर्यंत पोचायची नाही,” ताई म्हणाली. “हे कोपर बघ कुठे आहे.”

कोपर खुर्चीच्या उंच पाठीच्या वरच्या कडेला होतं. हात खाली सोडलेला होता. धाकट्याने मनातल्या मनात माप घेतलं असावं, कारण त्याचं हसू ओसरलं. पण तो दलाल होता. त्याने विषय बदलला.

आई असती तर बरंच झालं असतं, असं ताईला त्या दुपारी वाटून गेलं. आईला निदान “काय गं” असं विचारता आलं असतं.

बाबा झोपले होते. ताईने सगळे फोटो एकाच फाईलमध्ये घेतले, एकावर एक, काचेवर काच. मोबाईल प्रत्येक वेळी तिथेच होता, त्यामुळे खिडकीवर खिडकी बरोबर बसली. मग तिने प्रत्येक थरातला तो तुकडाच ठेवला, बाकीचं पुसलं, आणि थर तारखेप्रमाणे लावले. प्रत्येक थरापुढे डोळ्याचं लहानसं चिन्ह असतं. ते दाबलं की थर दिसतो. भलत्याच थरावर रंग फासणाऱ्या बाईने हे सगळं एकटीने केलं. दुसरी वेळ असती तर तिने कौतुकाने मास्तरांना फोन केला असता.

पहिला डोळा उघडला. कपाटामागची टाच.

दुसरा. तिपाईमागची कडा.

तिसरा. खुर्चीमागचं कोपर.

कपाट, तिपाई, खुर्ची. ती रांग तिने बोटाने स्क्रीनवर जोडली. बोट सरळ कॉटकडे गेलं.

आज सकाळचा फोटो अजून तसाच होता. त्यातली कॉट तिने पुसली नव्हती, कारण कॉटवर बाबा होते आणि बाबांना पुसायला तिचा हात धजत नव्हता. तिने मान वर करून समोर बघितलं. बाबा भिंतीकडच्या काठाला अंग चोरून झोपले होते. अलीकडे ते असेच झोपत. निम्मी कॉट मोकळी. झटक्याने एक बाजू विसरायला होते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते तिला पटलंही होतं.

“बाबा,” ती जवळ जाऊन म्हणाली, “मधे सरका. अवघडाल.”

बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, मग शेजारच्या मोकळ्या गादीकडे. तिथे हात नेला आणि न टेकवताच मागे घेतला.

“जागा,” ते हळूच म्हणाले.

ताई एक पाऊल मागे सरकली. इतके महिने ते विक्रीबद्दल बोलत नव्हतेच.

५

त्यानंतर घर विकायची घाई ताईलाच झाली. धाकटा चकित झाला. कालपर्यंत भिंतीला धरून बसलेली बहीण आज टेम्पोवाल्याशी भांडत होती. तिने खोकी आणली, भांडी बांधली, जुनं कपाट येईल त्याला देऊन टाकलं. फोटो तिने एकही काढला नाही. हॉलमधून जाताना वस्तूंच्या मागे बघायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. आणि प्रत्येक वेळी बघायची.

सामान गेलं त्या सकाळी खोली खरोखरच रिकामी झाली. कपाटाच्या जागी भिंतीचा रंग ताजा होता. पडदे काढल्यामुळे ऊन थेट आत आलं होतं. ताई हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि चारही भिंती बघून घेतल्या. लपायला आडोसाच नव्हता. कुणी काही असलंच, तर ते जाणार कुठे? तिला एकदम हलकं वाटलं, वेड्यासारखं हसू आलं.

“अशीच थांब,” धाकटा दारातून म्हणाला आणि त्याने मोबाईलवर फोटो काढला.

नव्या जागेत उजेड होता, लिफ्ट होती, खाली शाळा सुटल्याचा गलका होता. आणि बाबा सुधारले. पहिल्याच दिवशी ते कॉटच्या मधोमध पाय पसरून झोपले, दोन्ही हात बाजूला टाकून. डॉक्टर म्हणाले, बदल मानवला. त्यांना शब्द परत मिळू लागले. पाणी. खिडकी. एकदा तर चक्क “मीठ कमी.” ताई त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडली.

तिचं काम मार्गी लागलं. धाकट्याने पाठवलेल्या खोल्या ती भराभर मोकळ्या करायची. पलंग पुसला, मागे भिंत. टेबल पुसलं, मागे भिंत. कितीतरी घरं, एकात काही नाही. मास्तर वर्गात तिचा दाखला देऊ लागले. फक्त एक झालं होतं. तिचा खांदा दुखायचा. सारखा माऊस धरून, असं तिने मानलं आणि मलम लावलं.

६

जुन्या घराला गिऱ्हाईक मिळालं, पण बायकोला दाखवायला त्याला हॉलचा फोटो हवा होता. आता तिथे रंगाचं काम चालू होतं, भिंती खरवडून ठेवल्या होत्या.

धाकट्याचा फोन आला. “टेम्पोच्या दिवशीचा एकच फोटो बरा आलाय. त्यात तू मधे उभी आहेस. पाठवलाय बघ. तुला काढून टाक.”

“मला?”

“मग काय तुझ्यासकट विकू?”

दुपार होती. आतल्या खोलीत बाबा रेडिओशी खुडबुड करत होते. ताईने फोटो उघडला. ऊन, मोकळ्या भिंती आणि मधोमध ती, तोंडभर हसत. असा फोटो तिचा बऱ्याच वर्षांत कुणी काढला नव्हता. तिने स्वतःभोवती रेघ ओढायला घेतली. केसांवरून, कानावरून, खांद्यावरून, जाडसर कमरेवरून. आपल्याच अंगाला असं वळसा घालणं तिला विचित्र वाटलं. रेघ पुरी झाली. मुंग्या तिच्याभोवती चालायला लागल्या.

तिने बटण दाबलं.

निळी पट्टी पळाली, थांबली, पळाली.

ती गेली. मागून खिडकीचा खालचा भाग आला, भिंत आली, फरशीच्या रेघा अचूक जुळल्या. फार सुंदर काम झालं होतं. आणि तिचा उजवा खांदा जिथे होता तिथे, हवेत, चार बोटं होती. लांब, पुढे वाकलेली. ज्याला धरलं होतं ते आता तिथे नव्हतं. पकड तशीच होती. बोटांच्या मागे, जरा वर, राखाडी बाहीची किनार. तिच्या डोक्याइतक्या गोल जागेत मागची भिंत नव्हती. काहीतरी दुसरं होतं, खाली झुकलेलं, तिच्या कानाशी आलेलं. ते काय आहे हे डोळ्यांना उमगायच्या आत ताईने कंट्रोल झेड दाबलं.

ती परत आली. उन्हात उभी, तोंडभर हसत. तिच्या आजूबाजूला कुणीच नव्हतं.

फोन वाजला. “झालं का गं?” धाकट्याने विचारलं. “ते लोक थांबलेत.”

“तसाच पाठवते.” आपला आवाज इतका शांत कसा, याचं तिलाच नवल वाटलं. “मला राहू दे त्यात.”

“अगं पण त्यांना रिकामी खोली—”

“खोली रिकामीच आहे,” ताई म्हणाली. “आता ती रिकामीच आहे रे. खुशाल विक.”

तिने फोन ठेवला. डावा हात आपणहून उजव्या खांद्याकडे गेला आणि वीतभर अलीकडेच थांबला. खाली घ्यायचा की पुढे न्यायचा, तिला ठरवता येईना. रेडिओ बंद झाल्याचं तिला उशिरा समजलं.

बाबा दारात उभे होते. भिंतीला धरून, एकटे, कुणाच्याही आधाराशिवाय चालत आलेले. ताईला दाखवायलाच आले होते ते. लहान मुलासारखे अभिमानाने तिच्याकडे बघून हसले.

मग त्यांची नजर वर गेली. तिच्या डोक्यावरून वर, आणखी थोडी वर, आणि तिथे ठरली. हसू हळूहळू मावळलं. त्यांनी भिंतीवरचा हात काढला आणि फार दिवसांच्या ओळखीचं माणूस समोर आल्यावर करतात तशी मान लववली.